वेबसाइटचं पहिलं पान आणि मेनू: सुरुवात काउंटरवर बसून करा

गेल्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका माती-पाणी-देठ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दिवसभर काउंटरमागे बसले होते. काम होतं त्यांची वेबसाइट नव्याने करायचं. लॅपटॉप बॅगेतच राहू दिला आणि दोनशे पानी वही बाहेर काढली. ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षबागा फुलोऱ्यात आलेल्या, त्यामुळे सकाळपासूनच दारात मोटारसायकली लागल्या. ज्याच्या त्याच्या हातात कॅरीबॅग, आत घडासमोरच्या पानांची देठं, वर पेनाने प्लॉटचं नाव.

येणाऱ्याचं पहिलं वाक्य मी जसंच्या तसं उतरवून घेत होते. ‘देठं आणलीत, कुठं द्यायची?’ ‘पाण्याला बाटली कोणती चालते?’ ‘रिपोर्ट कधी भेटल?’ ‘मागच्या वर्षीचा रिपोर्ट हरवला, परत मिळतो का?’ ‘माती किती खोलवरची घ्यायची?’ ‘पैसे आत्ता का नंतर?’ ‘रविवारी उघडं असतंय का?’ मध्येमध्ये फोन वाजायचा, त्यावरही हेच प्रश्न. संध्याकाळपर्यंत चार पानं भरली. संस्थेची स्थापना कधी झाली, ध्येयधोरणं काय, हे दिवसभरात एकानेही विचारलं नाही. जुन्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर मात्र सगळ्यात वर तेच होतं, आणि दर तीन पानं आत.

मी नाशकात चौदा वर्षं वेबसाइट बनवते. त्याआधी रविवार कारंजाजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका आणि हँडबिलं लावायचे. दोन्ही कामांत वाचणारा काहीतरी शोधत असतो. पत्रिकेत तो मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता शोधतो, वेबसाइटवर दर, वेळ आणि फोन नंबर. ते त्याला किती लवकर सापडतं, यावर माझ्या कामाची किंमत ठरते. पुढचं सगळं त्या प्रयोगशाळेच्याच कामातून सांगते, म्हणजे हवेतलं बोलणं होणार नाही. तुमची वेबसाइट शाळेची असो, पतसंस्थेची असो की वाचनालयाची, हीच पद्धत लागू पडते.

मेनूतले शब्द कुठून आणायचे

जुना मेनू असा होता: होम, अबाउट अस, व्हिजन-मिशन, अवर सर्व्हिसेस, इन्फ्रास्ट्रक्चर, गॅलरी, डाउनलोड्स, काँटॅक्ट अस. दरपत्रक ‘डाउनलोड्स’मध्ये, तेही कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ. ‘दर काय?’ असं मनात घेऊन आलेल्या माणसाने ‘डाउनलोड्स’वर बोट ठेवावं, असं त्या मेनूतल्या कुठल्याच शब्दाने त्याला सुचवलेलं नव्हतं.

वहीतल्या प्रश्नांच्या मी चिठ्ठ्या केल्या, एका चिठ्ठीवर एक प्रश्न. जुन्या पत्रिकांची कोरी कार्डं माझ्याकडे अजून आहेत, तीच वापरली. मग दुसऱ्या दिवशी रिपोर्टची वाट बघत बसलेल्या पाच बागायतदारांना आणि काउंटरवरच्या मुलाला, प्रत्येकाला वेगवेगळं बसवून, ती चळत हातात दिली. सांगितलं एवढंच, ‘एकत्र ठेवाव्याशा वाटतात त्या एकत्र ठेवा, आणि प्रत्येक ढिगाला तुमच्या शब्दांत नाव द्या.’ यात आपण गप्प बसायचं असतं. ‘नाही नाही, ही चिठ्ठी तिकडे’ असं तोंडून निघालं की त्या माणसाचा विचार थांबतो आणि तो आपल्या मनातलं ओळखायला लागतो. नाव सांगेल ते अक्षरशः लिहून घ्यायचं.

माझ्या डोक्यात माती, पाणी आणि देठ अशी तीन दालनं होती, कारण प्रयोगशाळेचे विभाग तसे आहेत. चिठ्ठ्या वेगळंच बोलल्या. ‘माती किती खोलवरची’, ‘बाटली कोणती’ आणि ‘देठ कुठल्या पानाचं’ या तिन्ही चिठ्ठ्या सहाच्या सहा जणांनी एकाच ढिगात टाकल्या. नाव आलं, ‘नमुना कसा घ्यायचा’. एका बागायतदाराने ‘पैसे आत्ता का नंतर’ ही चिठ्ठी दरांच्या ढिगात न ठेवता रिपोर्टच्या ढिगात ठेवली. विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, पैसे बाकी असले की रिपोर्ट उघडत नाही ना.’ बरोबर होतं त्यांचं. म्हणून पैशांची माहिती आता दोन्ही पानांवर आहे.

शब्दांच्या बाबतीत मला एक आग्रह सोडावा लागला. ‘अहवाल’ हा शब्द मला प्रिय आहे, पण दोन दिवसांत तो कोणाच्याही तोंडून आला नाही. सगळे ‘रिपोर्ट’ म्हणत होते. मेनूत ‘रिपोर्ट’ ठेवला. उलट जुन्या वेबसाइटवरचं ‘सॅम्पलिंग प्रोटोकॉल’ कोणी म्हणत नव्हतं, म्हणून तिथे ‘नमुना’ आला. शब्द मराठी की इंग्रजी हा भेद इथे कामाचा नाही. येणारा जो शब्द तोंडात घेऊन येतो, तो मेनूत दिसला पाहिजे.

शेवटी मेनू पाच शब्दगटांचा झाला: ‘तपासण्या आणि दर’, ‘नमुना कसा घ्यायचा’, ‘रिपोर्ट पाहा’, ‘पत्ता आणि वेळ’, ‘आमच्याविषयी’. प्रत्येकाचा पहिला शब्द वेगळा आहे याकडे लक्ष द्या. ‘आमच्या तपासण्या’, ‘आमचे दर’, ‘आमचा पत्ता’ असा मेनू केला की नजर प्रत्येक ओळीत आधी ‘आमचा’वर अडते आणि ऐकून वाचणाऱ्याला तर तो शब्द पाच वेळा सोसावा लागतो. मेनूत सातच गोष्टी असाव्यात असा नियम अनेक जण सांगतात. तो मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६च्या लेखावरून उचललेला आहे आणि तो लेख माणूस एका वेळी किती गोष्टी ध्यानात ठेवतो याबद्दल आहे. मेनू डोळ्यांसमोर असतो, पाठ करायचा नसतो. आकडा मोजत बसण्यापेक्षा दोन नावांत कोणाची गल्लत होते का, ते बघा.

ते बघायची रीत साधी आहे. कागदावर पान काढा, मेनू लिहा आणि विचारा, ‘मागच्या वर्षीचा रिपोर्ट हवाय, कुठे बोट ठेवाल?’ पहिलं बोट कुठे पडतं तेवढंच टिपा. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० मध्येच मांडलं होतं की एका फेरीला पाच माणसं पुरेत. पाच जणांना दाखवा, चुका दुरुस्त करा आणि पुन्हा दुसऱ्या पाच जणांना दाखवा. माझा अनुभव अगदी तसाच आहे. पहिल्या फेरीत मेनूत नुसतंच ‘तपासण्या’ होतं आणि दर विचारल्यावर पाचातल्या तिघांनी ‘पत्ता’वर बोट ठेवलं, म्हणजे फोन करूनच विचारू असं त्यांच्या मनात होतं. ‘तपासण्या आणि दर’ केल्यावर दुसऱ्या फेरीत पाचही बोटं तिथेच पडली.

पहिल्या पडद्यावर काय दिसावं

फोन हातात घेऊन वेबसाइट उघडली की बोट न सरकवता जेवढं दिसतं, त्याला मी पहिला पडदा म्हणते. त्या जागेत चार गोष्टी बसवल्या: प्रयोगशाळेचं नाव, ‘द्राक्ष, डाळिंब, भाजीपाला यांसाठी माती, पाणी आणि देठ परीक्षण’ ही एक ओळ, ‘आज सुरू: सकाळी ९ ते संध्याकाळी ६’ ही दुसरी ओळ, आणि खाली तीन मोठे दुवे. फोन नंबर चित्रात न ठेवता खराखुरा दुवा केला, दाबला की फोन लागतो.

एक ओळ मालकांना सुरुवातीला पटत नव्हती: ‘रेसिड्यूची तपासणी इथे होत नाही.’ रेसिड्यू म्हणजे मालात उरलेला फवारणीच्या औषधांचा अंश. त्यांचं म्हणणं, आपण काय करत नाही ते पहिल्याच पानावर कशाला सांगायचं? पण वहीत हा प्रश्न सहा वेळा आला होता आणि निर्यातीच्या हंगामात दिंडोरीहून इथवर येऊन परत जाणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस जातो. ओळ राहिली.

स्लायडरवर, म्हणजे आपोआप सरकणाऱ्या फोटोंवर, मात्र बरंच बोलणं झालं. बागेचे, यंत्रांचे, सत्कारांचे फोटो त्यांनी पैसे देऊन काढून घेतले होते. जुन्या पानावर ते दर चार सेकंदांनी सरकायचे आणि पहिला पडदा पूर्ण व्यापायचे. हळू वाचणाऱ्याची ओळ अर्ध्यात निघून जाते, दाबायला जावं तर दुवा पालटलेला असतो. वेबच्या सुगम्यतेसाठी, म्हणजे दिव्यांगांनाही वेब वापरता यावं यासाठी, जगभर डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वं मानतात. डब्ल्यू३सी ही संस्था ती ठरवते आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांची २.२ ही आवृत्ती आली. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त हलत राहणारी गोष्ट इतर मजकुराबरोबर दिसत असेल, तर ती थांबवायची सोय हवीच, असं त्यात स्पष्ट आहे. ‘नवीन दर लागू’ अशी लाल पट्टी डावीकडे धावत होती, तिलाही हेच लागू. मी मालकांना माझ्या फोनवर जुनं पान उघडून दिलं आणि म्हटलं, ‘सर, यातून दर शोधून दाखवा.’ त्यांना ते शोधायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात निर्णय झाला. फोटो ‘आमच्याविषयी’त गेले, तिथे ते शोभतातही. पट्टीच्या जागी तारीख घातलेली एक स्थिर ओळ आली.

उजव्या कोपऱ्यात तरंगणारा व्हॉट्सअ‍ॅपचा गोल ठेवणार असाल, तर त्याखाली काय झाकलं जातंय ते छोट्या फोनवर एकदा बघा. जुन्या पानावर तो नेमका पत्त्याच्या शेवटच्या ओळीवर बसला होता.

मेनू उघडतो कसा, मिटतो कसा

माझे मामा नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झाले. काचबिंदूने त्यांची नजर जवळपास गेली आहे. फोन ते टॉकबॅकवर ऐकून चालवतात: बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. माझी प्रत्येक वेबसाइट लोकांसमोर जाण्याआधी मामांच्या हातात जाते.

त्यांना आधी प्रयोगशाळेचं जुनं पान दिलं. फोन म्हणाला, ‘अनलेबल्ड बटन’. मामांनी बोट पुढे सरकवलं. पुन्हा ‘अनलेबल्ड बटन’. ‘काय गं, ही बटनं कसली आहेत?’ त्यातलं एक म्हणजे तीन आडव्या रेघांचं, ज्यात सगळा मेनू होता. दुसरं शोधाचं भिंग. डोळ्यांना रेघा दिसतात, पण कोडमध्ये त्या बटनाला नावच दिलेलं नव्हतं. म्हणजे मामांच्या लेखी त्या वेबसाइटला मेनू नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट: रेघांच्या शेजारी ‘मेनू’ हा शब्दच लिहा. जागा लागते दोन अक्षरांची. ज्यांना दिसतं त्यांनाही त्याचा उपयोग होतो, कारण त्या तीन रेघा म्हणजे मेनू हे सगळ्यांना माहीत असतं असं समजणं चूक आहे. काउंटरवर बसले होते तेव्हा निफाडकडच्या एका आजोबांनी मला विचारलं होतं, ‘त्या रेघा कशाच्या?’

दुसरी गोष्ट, ते बटन खरंखुरं बटन असू द्या. वेबपान ज्या एचटीएमएल भाषेत लिहितात, तिच्यात बटनासाठी स्वतंत्र टॅग (खूण) आहे. नुसत्या डिव्हला, म्हणजे साध्या चौकटीला, रंग देऊन बटनासारखं दाखवलं, तर ते माऊसने चालतं, कीबोर्डला मात्र लागत नाही. मेनू उघडला आहे की मिटलेला, हे सांगण्यासाठी त्या बटनावर एरिया-एक्स्पांडेड हा गुणधर्म ठेवा आणि मेनू उघडमिट होताना त्याची किंमत बदला. मग फोन ‘मेनू, बटन, मिटलेलं’ अशा अर्थाचं बोलतो आणि टिचकी मारल्यावर उघडल्याचंही सांगतो. एस्केप दाबलं की मेनू मिटावा आणि फोकस (कीबोर्ड सध्या जिथे आहे ती जागा) परत त्याच बटनावर यावा. हे राहून गेलं तर कीबोर्डवाला माणूस पानाच्या मध्येच कुठेतरी हरवतो.

माऊस वर नेला की आपोआप उघडणारे उपमेनू मी आता करतच नाही. फोनवर माऊस नसतो, आणि ज्याचा हात थरथरतो त्याच्या हातून तिरपं जाताना उपमेनू मिटतो. उपमेनू लागलाच तर तो दाबून उघडावा. या कामात तो लागलाही नाही. अकरा तपासण्यांची यादी मेनूत कोंबण्याऐवजी ‘तपासण्या आणि दर’ या पानावर एका तक्त्यात ठेवली.

संपूर्ण मेनू नॅव्ह या टॅगमध्ये आणि यादीच्या स्वरूपात ठेवा. त्यामुळे ऐकणाऱ्याला आधीच कळतं की पुढे पाच दुवे आहेत. सध्या उघडलेल्या पानाच्या दुव्याला एरिया-करंट हा गुणधर्म लावा आणि डोळ्यांसाठी खाली जाड रेघ द्या. नुसता रंग बदलून भागत नाही, रंग सगळ्यांना सारखे दिसत नाहीत. पानाच्या अगदी सुरुवातीला ‘मुख्य मजकुराकडे जा’ असा दुवा ठेवा. तो एरवी लपलेला चालतो, पण टॅब दाबल्यावर दिसला पाहिजे. हा दुवा नसला की कीबोर्ड किंवा स्विचने वेबसाइट चालवणाऱ्याला प्रत्येक नव्या पानावर तोच मेनू पुन्हा ओलांडत बसावं लागतं.

वेबसाइट दोन भाषांत असेल, तर भाषा बदलायचा दुवा वर उजवीकडे ठेवा आणि प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा. झेंड्यांची चित्रं नकोत. मराठीला कुठला झेंडा लावणार?

देवनागरीची स्वतःची पथ्यं

डीटीपीच्या दिवसांमुळे या भागाबद्दल मला जास्त कळकळ आहे, म्हणून इथे जरा थांबते.

प्रयोगशाळेचा जुना मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेला होता. असे फॉन्ट काय करतात ते एका शब्दावरून पाहा. कृतिदेव या तशाच एका फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, मोठा बी आणि एच या पाच रोमन अक्षरांनी साठवलेला असतो. फॉन्ट फक्त त्या अक्षरांना देवनागरी रूप देतो. डोळ्यांना ‘मराठी’ दिसतं, पण मामांचा फोन त्या पाच रोमन अक्षरांचा निरर्थक उच्चार करतो, आणि पानावर ‘मराठी’ शोधलं तर सापडत नाही. छपाईत हे चालायचं, कारण कागदाला कोणी वाचून दाखवायला सांगत नाही. वेबसाइटवर असा एकही शब्द राहू देऊ नका. रूपांतर करणारी साधनं मिळतात. पण रूपांतरानंतर प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घाला, विशेषतः रफार, जोडाक्षरं आणि ‘ऱ्य’. ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्‍या’ (दिसायला तसंच, साठवणूक वेगळी) किंवा ‘दर्या’ होऊन बसलेलं मी कित्येकदा पाहिलं आहे.

पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगा. एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये लँग हा गुणधर्म असतो, त्यात मराठीसाठी एमआर लिहायचं. बहुतेक तयार साच्यांत तिथे इंग्रजीच राहून जाते आणि वाचणारा आवाज मराठी मजकुराला इंग्रजीच्या तोंडाने सामोरा जातो. याचा डोळ्यांनाही फायदा आहे: काही चांगल्या देवनागरी फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात, आणि पानाची भाषा मराठी असल्याचं कळलं तरच ती येतात.

इंग्रजी साच्यातले अक्षरांमधलं अंतर वाढवणारे नियम मराठी शीर्षकांना लावू नका. अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांचा होतो. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा. वर वेलांटी-मात्रा-रफार-अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांची गर्दी, यांना जागा लागते. मी अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.७ पट ओळ ठेवते, इंग्रजीच्या १.३ पटीत ‘र्कीं’सारखं अक्षर आलं की वरच्या ओळीच्या उकाराला टेकतं. मूळ मजकूर १८ पिक्सेलच्या खाली नेत नाही. तिरपी अक्षरं देवनागरीची नाहीत, ठळक करायचं तर वजन वाढवा, पण फार ठळक केलं की ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’च्या पोटातली पांढरी जागा बुजते. मी बहुतेक कामांना मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी वापरते. दोन्ही मोफत आहेत आणि बारीक आकारातही स्वच्छ राहतात.

रंग आणि ऊन

प्रयोगशाळेचा रंग कोवळ्या मण्यासारखा हिरवा. त्या हिरव्यावर पांढरी अक्षरं असलेली बटनं होती. अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक (गुणोत्तर) मोजला तर २.१ आला. डब्ल्यूसीएजी साध्या मजकुरासाठी किमान ४.५ मागते आणि मोठ्या अक्षरांसाठी ३. हिरव्याची गर्द छटा घेतली, आकडा ६ च्या वर गेला आणि ओळखही टिकली. भगव्या रंगाचीही तीच गत असते: पांढऱ्यावर नेहमीचा भगवा साधारण २.१ वरच राहतो, त्याच भगव्यावर काळं अक्षर मात्र ९ च्या वर जातं. नाशकातल्या अनेक संस्थांचा रंग भगवा आहे, त्यांनी पांढऱ्याऐवजी काळ्या किंवा गर्द तपकिरी अक्षरांचा विचार करावा. आकडा काढून देणारी मोफत साधनं ब्राउझरमध्येच मिळतात.

‘हे सगळं अंधांसाठीच ना? आमच्याकडे तर शेतकरी येतात,’ असं मालकांनी मनापासून विचारलं होतं. मी त्यांना फोन घेऊन भर दुपारी अंगणात नेलं. उन्हात फिकट हिरव्यावरचं पांढरं अक्षर त्यांनाही वाचता येईना. एका हातात देठांची पिशवी, चष्मा घरी राहिलेला, बोटाला औषधाचा चिकटा, अशा माणसाला जे लागतं तेच मामांना लागतं. शिवाय २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २१ प्रकारची दिव्यांगता मानतो आणि सुगम्यतेचे नियम खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू करतो. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

बोटाचा विषय निघालाच आहे तर: दाबायची जागा डब्ल्यूसीएजी २.२ प्रमाणे किमान २४ बाय २४ पिक्सेल हवी. मी एवढ्यावर थांबत नाही, ४८ ठेवते, अँड्रॉइडसाठी गूगलची शिफारसही तेवढीच आहे.

एका संध्याकाळची तपासणी

वेबसाइट तयार झाली की माऊस बाजूला काढून ठेवा आणि नुसत्या टॅबने फिरा. प्रत्येक दाबणीला आपण कुठे आहोत हे ठळक चौकटीने दिसलं पाहिजे. ती चौकट दिसायला बरी नाही म्हणून काढून टाकणारे पुष्कळ आहेत, तुम्ही काढू नका. मग ब्राउझरमध्ये पान २०० टक्के मोठं करा, मग ४०० टक्के. कॉम्प्युटरचा १२८० पिक्सेलचा पडदा तेव्हा ३२० पिक्सेलचा होतो, छोट्या फोनएवढा. मजकूर एका खाली एक यावा, वाचण्यासाठी आडवं सरकवावं लागू नये.

त्यानंतर कान. विंडोजवर एनव्हीडीए हा पडदा वाचणारा कार्यक्रम मोफत आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने तो २००६ मध्ये सुरू केला, नंतर त्याचा अंध मित्र जेम्स टेहही त्यात आला. तो चालू करून एच दाबत राहा, पानावरची शीर्षकं एकामागून एक ऐकू येतात. नुसत्या शीर्षकांवरून पानात काय आहे ते कळलं पाहिजे. अँड्रॉइडवर आवाजाची दोन्ही बटनं एकदम तीन सेकंद दाबून धरली की टॉकबॅक सुरू करता येतो. पडद्यावर कापड टाका आणि फोन नंबर शोधून फोन लावा. शोभेच्या फोटोला ऑल्ट (फोटोचं लेखी वर्णन) रिकामा द्या म्हणजे तो वगळला जातो; ‘देठ कुठल्या पानाचं’ हे दाखवणाऱ्या फोटोला मात्र पूर्ण वाक्य द्या: ‘घडाच्या समोरचं पान, देठ फांदीपासून तोडताना’.

नवं पान मामांना दिलं तेव्हा ते सोफ्यावर बसून सरकवत गेले. ‘मेनू, बटन.’ टिचकी. ‘तपासण्या आणि दर. नमुना कसा घ्यायचा. रिपोर्ट पाहा.’ तिथे ते थांबले आणि म्हणाले, ‘दर तक्त्यात आहेत ना? मग प्रत्येक आकड्याबरोबर तपासणीचं नावपण बोलू दे, नुसते आकडे कळत नाहीत.’ तक्त्याच्या पहिल्या रकान्याला मी शीर्षकाचा टॅग दिलेला नव्हता. त्याच रात्री दिला.

शेवटचं काम कोडमधलं नाही. ‘आज सुरू’ ही ओळ रोज कोणीतरी खरी ठेवली पाहिजे, आणि ते वेबसाइट बनवणाऱ्याकडून होत नाही. मालकांशी बोलून ते काउंटरवरच्या मुलाकडे दिलं. त्याच्या फोनवर एकच चौकट उघडते, त्यात तो ओळ लिहितो आणि ‘जतन करा’ दाबतो. सवय लागेपर्यंत पहिला महिनाभर मी रोज सकाळी पान उघडून बघत होते. दोनदा जुनी ओळ दिसली, दोन्ही वेळा फोन केला. मग एका सकाळी नवी ओळ दिसली, मी सांगितलेली नव्हती: ‘आज सुरू: सकाळी ९ ते दुपारी १. दुपारनंतर लाइट जाणार आहे, देठं लवकर आणा.’